फोन मोकळा ठेवा

शुइवेईत त्या दिवशी सकाळपासून कुणी कुणाला घरच्या फोनवर फोन करत नव्हतं. फोन मोकळा ठेवायचा होता. संध्याकाळी सहाला पक्षाच्या तिकिटासाठी चाचणी सुरू व्हायची होती. चाचणी म्हणजे काय, तर तैपेईच्या कुठल्याशा कचेरीत रांगेनं बसलेल्या मुली गावातले तारेचे फोन लावणार, इच्छुकांची नावं वाचून दाखवणार आणि विचारणार, यातलं कोण हवं? ज्याच्या घरी घंटी वाजेल त्याचं मत. ज्याच्या घरी वाजणार नाही त्यानं फोनकडे बघत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नशिबाला बोल लावायचा. आमच्याकडे या पक्षाचं तिकीट मिळालं की नगराध्यक्षाची खुर्ची मिळाल्यातच जमा असते, तेव्हा खरी निवडणूक हीच. नोव्हेंबरात होते ती नुसती वरात.

एरवी या फोनला कोण विचारतं? टीव्हीशेजारी विणलेल्या रुमालाखाली तो वर्षानुवर्षं पडलेला असतो. पण चाचणी आली की त्याला नवरदेवासारखे दिवस येतात. रुमाल निघतो, धूळ पुसली जाते, ज्यांनी तो कधीच बंद करून टाकला होता ते धावतपळत पुन्हा जोडून घेतात. म्हाताऱ्यांना बजावलं जातं, की सहाच्या आत जेवून घ्या, आंघोळ उरकून घ्या, आणि नातवंडांना फोनला हात लावू देऊ नका.

चुआंग सू-युननं हे बजावण्याचं काम आयुष्यभर दुसऱ्यासाठी केलं होतं. वेंग साहेब आठ वर्षं नगराध्यक्ष होते आणि त्याआधी जिल्हा सभेत. त्या सगळ्या काळात त्यांची सावली म्हणजे सू-युन. कुणाचं गटार तुंबलं, कुणाच्या म्हातारीला इस्पितळात खाट मिळेना, कुणाच्या तळ्याची वीज गेली, की साहेबांच्या वतीनं ही स्कूटरवर हजर. साहेबांच्या वतीनं ती इतक्या मयतांना गेली होती, की ती नुसती दारात उभी राहिली तरी काही म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. साहेब चारचौघांत म्हणायचे, "माझ्यानंतर सू-युन." तिनं ते खरं धरलं. एवढीच काय ती तिची चूक म्हणायची.

साहेब पायउतार व्हायच्या वर्षी त्यांचा मुलगा कुआन-लिन तैपेईहून परत आला. येताना कॉफीचं मोठं यंत्र आणि व्यायामानं घडवलेले खांदे घेऊन आला. "माझ्यानंतर सू-युन" हे वाक्य त्यानंतर कुणी ऐकलं नाही. बाप काही बोलला नाही, मुलानं अर्ज भरला, आणि सू-युननंही भरला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ती साहेबांना न विचारता काही करत होती. तिसरा अर्ज दिंग शेठचा. त्यांना मासेमारीच्या तळ्यांवर सोलरचे पत्रे टाकायचे होते. तळ्यांचे मालक शहरात राहतात, त्यांना माशांपेक्षा पत्र्यांचं भाडं जास्त मिळणार. तळी कसणारी कुळं इथं राहतात, ती उठणार. यात नगराध्यक्षाची एक सही लागायची, आणि तेवढ्या सहीसाठी दिंग शेठ उभे होते.

सू-युनचा नवरा चिन-शान अशाच एका तळ्यावर सबाही मासे वाढवत होता. त्याच्या बापानंही तिथंच वाढवले होते.

दुपारी सू-युन कालवांच्या शेडमध्ये गेली. तिथं वीसेक बायका प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून आखूड सुऱ्यांनी कालवं फोडत होत्या. या सगळ्या खाडीपलीकडच्या वाडीतल्या, आणि सगळ्या सू-युनच्या. त्यांची म्होरकी आमान मावशी. मावशीचा नवरा समुद्रात बुडाला तेव्हा त्याच्या कागदांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या सू-युननं झिजवल्या होत्या, तेव्हापासून मावशी तिला पोटची पोर मानायची. आत्ता मावशी हातातलं शिंपलं कानाला लावून चाचणीवाली मुलगी झाली होती.

"नमस्कार आजी," ती नाकातून तैपेईच्या सुरात म्हणाली, "आपलं वय काय?"

"सव्वीस!" पलीकडची एक बोळकी म्हातारी ओरडली आणि सगळी शेड खिदळली.

यात गंमत नव्हती, अनुभव होता. चाचणीत प्रत्येक वयाचा वाटा ठरलेला असतो, आणि तरुण पोरं घरच्या फोनला शिवत नाहीत, म्हणून तरुणांच्या मतांची जागा रिकामी राहते. मागच्या खेपेला कुणीतरी सगळ्या म्हाताऱ्यांना वय सव्वीस सांगायला शिकवलं होतं. एका संध्याकाळपुरतं शुइवेई जिल्ह्यातलं सगळ्यात तरणंताठं गाव झालं होतं.

"असलं काही करायचं नाही," सू-युन म्हणाली. "खरं वय सांगायचं."

"तू फार सरळ आहेस बाई," मावशी म्हणाली. "म्हणून तर आकड्यांत तिसरी आहेस."

"तिसरी तर तिसरी. आणि संध्याकाळी मोबाईल बंद ठेवायचे बरं का सगळ्यांनी. मागं गोंधळ झाला होता, एक वाजतोय आणि म्हाताऱ्या दुसराच उचलतायत. फक्त घरचा फोन. बाजूला बसून राहायचं, उचलला की नाव आधी सांगायचं, मग बाकीचं. कधी कधी त्या घाईत असतात, ठेवून देतात."

"ठाऊक आहे गं. फक्त चुआंग सू-युन! फक्त चुआंग सू-युन!" मावशीनं शिंपल्यात ठणकावून सांगितलं. सू-युनला हसू आलं. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू.

तेवढ्यात वेंग साहेबांचा निरोप आला, घरी येऊन जा.

साहेबांच्या घरी खाली देवघर आणि देवघरासमोर चहाचं मेज. या मेजावर सू-युननं हजारो लोकांना चहा ओतून दिला होता. आज साहेब स्वतः ओतत होते. कपाबाहेर चहा सांडत होता. तिला वाटलं किटली घ्यावी. मग वाटलं, नको.

"पाहणीचे आकडे बघितलेस?" साहेब म्हणाले.

"बघितले."

"शंभरात दिंग चाळीस. कुआन-लिन तीस. तू वीस. बाकीचे झोपलेत."

"तीस आणि वीस पन्नास होतात, साहेब. मी माघार घेतली तरी पन्नास, कुआन-लिननं घेतली तरी पन्नासच."

साहेबांनी किटलीचं झाकण नीट बसवलं. "दुसरा कधी तिसऱ्यासाठी बसतो का, सू-युन?"

"मग तिसऱ्यानंच का बसायचं दुसऱ्यासाठी?"

"कारण तो तिसरा असतो."

अठरा वर्षं तिनं साहेबांच्या तोंडून असली वाक्यं ऐकली होती आणि दुसऱ्यांना पटवून दिली होती. आज ती स्वतःच्या अंगावर घ्यायची वेळ होती.

"आणि आता माघार घ्यायची तरी कशी?" तिनं विचारलं. "नावं परवाच तैपेईला गेली."

"गेली. आता कागदावर काही बदलत नाही. त्या मुली तीनही नावं वाचणारच. तू फक्त तुझ्या माणसांना सांगायचं, माझं नाव घेऊ नका, कुआन-लिनचं घ्या. तुझी माणसं तुझं ऐकतात. ती वाडी तर तू म्हणशील तिथं उडी टाकेल." ते थोडे थांबले. "दिंग आला तर पहिलं तळं चिन-शानचं जाईल. रस्त्याला लागून आहे ते. हे मी तुला सांगायला नको."

ते सांगायला नकोच होतं. तरी त्यांनी सांगितलं.

आतून कुआन-लिन आला. त्यानं तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि चहाचा कप बाजूला सारला. "सू-युन ताई, तुमच्या जागेवर बसायची माझी लायकी नाही, मला माहितेय," तो म्हणाला. "पण आकडे माझ्या बाजूला आहेत, त्याला मी काय करू? तुम्ही कचेरी सांभाळा, मी नुसता खुर्चीवर बसतो."

"तळी?"

त्यानं सरळ देवघरातून तीन उदबत्त्या घेतल्या, पेटवल्या आणि दर्यादेवी मात्सू आईपुढे गुडघे टेकले. "शुइवेईच्या एकाही तळ्यावर पत्रा बसू देणार नाही. दिला तर आई मला बघून घेईल."

वेंग साहेबांचे डोळे पाणावले. सू-युनला मात्र आपलीच लाज वाटली. पोराला देवापुढे गुडघे टेकायला लावण्याइतकं आपण ताणून धरलं की काय, असं तिच्या मनात आलं. पायरीशी लावलेली स्कूटर काढताना तिला त्या कॉफीची कडवट चव तोंडात जाणवत होती. ती म्हणाली होती, विचार करते.

विचार कसला करायचा होता? तिला एकच हवं होतं. कुणीतरी म्हणावं, नको बसूस. एका माणसानं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती तळ्यावर गेली.

चिन-शान बांधावर उभा राहून मासळीला खाद्य टाकत होता. पाणी उकळल्यासारखं खळबळत होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकून झाल्यावरही तो खाद्य टाकतच राहिला. तो तसाच आहे. लग्नाला हो म्हणायलासुद्धा त्यानं पावसाळा घालवला होता.

"काय करू?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"मला उभं राहायचंय."

"मग राहा."

"आणि माझ्यामुळं दिंग आला तर?"

त्यानं पिशवीतलं उरलेलं खाद्य पाण्यात झटकलं. "तेच तर. आला तर आयुष्यभर लोक म्हणतील, हिच्यामुळं आला. बाजारात म्हणतील, देवळात म्हणतील. मला काही वाटणार नाही. तुला वाटेल."

"आणि मी बसले, तरीही तो आला तर?"

"मग निदान तुझ्यामुळं नाही."

हे तिला पटलं. न पटून कुणाला सांगते? तिच्या मनात वीस टक्क्यांची वीस माणसं उभी राहिली, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे एक तळं. त्यांना आपल्या हौसेसाठी पणाला लावणारी बाई कोण? तिला त्या क्षणी अगदी मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण बांधावर शेजारच्या तळ्याचे दोघं सुपारी चघळत उभे होते, आणि ते इकडेच बघत होते. तिनं डोळ्यांवर हेल्मेटची काच ओढली आणि ती परत शेडवर गेली.

शेडमध्ये बायका आवराआवर करत होत्या, वाडीला जायची गडबड होती. सू-युन स्टुलावर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "आज संध्याकाळी माझं नाव घ्यायचं नाही. वेंग कुआन-लिनचं घ्यायचं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. आमान मावशीनं मात्र आधी सुरी पुसली, हातमोजे काढले, एकात एक घातले आणि मग म्हणाली, "माझी जीभ झडेल."

"मावशी, आकडे बघा ना."

"आकडे गेले खड्ड्यात. त्या कॉफीवाल्या पोराला मी ओळखते? त्यानं माझ्या नवऱ्याचे कागद आणून दिले होते? ते देवळातल्या सिंहासारखे खांदे घेऊन तो आमच्या वाडीत एकदा तरी आलाय का? तुला त्या म्हाताऱ्यानं बोलावून नेलं आणि घोळात घेतलं. अठरा वर्षं घेत आलाय."

"त्यानं देवापुढं शपथ घेतलीय."

"कोणी, म्हाताऱ्यानं?"

"मुलानं."

मावशीनं नाक मुरडलं. पण देवाचं नाव आल्यावर तिनं तो विषय सोडला. "आणि तू?" तिनं विचारलं. "तुझं काय?"

"माझं काय असणार? कचेरीत आहेच की मी. तुमची गटारं कोण बघणार?"

एक-दोघी हसल्या. मावशी हसली नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचे कष्टही घेत नव्हती. "मी तुझ्यासाठी देवळात नवस बोललेय," ती म्हणाली. "आता आईला काय सांगू?"

"माझ्यासाठी एवढं कराच, मावशी. मतं फुटली तर तळी जातील. मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

हा शेवटचा वार होता, आणि तो करताना तिला कळत होतं की तो वर्मी बसणार. ती खरंच कधी काही मागत नसे. मावशीनं नाक शिंकरलं. "बरं. म्हणते मी. पण पाठ करायला वेळ लागेल मला. किती अवघड नाव ठेवलंय मेल्याचं." मग तिनंच सगळ्यांकडे वळून हात उगारला. "ए, ऐकलंत ना? कुआन-लिन! एकीनं जरी चुकून सू-युन म्हटलं तर उद्या माझ्याशी गाठ आहे. पोरीची मान खाली जायला नको."

खाडीच्या पुलावरून टेम्पोत बसून जाताना त्या सगळ्या ते नाव मोठमोठ्यानं म्हणत होत्या. सू-युन पुलाच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. मग तिनं मोबाईलवरच्या ग्रुपमध्येही तेच लिहिलं, आणि लिहून झाल्यावर आपला निर्णय बरोबर आहे असं तिला खरोखरच वाटलं. अंगातून ताप उतरावा तसं हलकं वाटलं.

घरी येऊन तिनं शेवयांचं सूप गरम केलं. वाटी हातात घेतली तोच चिन-शान आत आला. बूटही न काढता. घरात चिखलाचे बूट घालून यायची त्याची ही पहिलीच वेळ. त्यानं मोबाईल तिच्यापुढं धरला.

पडद्यावर दिंग शेठची कचेरी होती. फटाक्यांचा धूर होता. दिंग शेठच्या शेजारी, त्यांच्याच नारिंगी जाकिटात, कुआन-लिन उभा होता. दोघांनी हातात हात घालून ते उंच धरले होते. "गावाच्या एकीसाठी," कुआन-लिन सांगत होता, "मी माघार घेतोय. माझ्या सर्व पाठीराख्यांनी दिंग साहेबांचं नाव घ्यावं." दिंग शेठनं त्याच्या त्या रुंद खांद्यावर थाप मारली आणि नगर कचेरीचा मुख्य सचिव कोण होणार हेही तिथल्या तिथं सांगून टाकलं.

सू-युननं वाटी खाली ठेवली. घड्याळात सहाला अगदी थोडा वेळ होता.

हे आधीच ठरलेलं होतं, की दुपारनंतर कुणी त्या पोराला काही देऊ केलं, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. ठरलेलं असेल तर डाव मोठा हुशारीचा होता. तो नुसता दिंगकडे गेला असता, तर वेंग घराण्यामागची तीस टक्के माणसं दिंगकडे थोडीच गेली असती? दिंगचं नाव काढलं तरी थुंकणारी माणसं ती. ती चिडून सू-युनकडे आली असती. तीस आणि वीस पन्नास. तिला काही करावं लागलं नसतं. नुसतं सहापर्यंत गप्प बसायचं होतं. घरी बसून सूप प्यायचं होतं. आणि तिनं काय केलं, तर आपली वीस माणसं उचलून अशा माणसाच्या नावावर ठेवली, जो आता तिथं नव्हताच. त्या मुली नाव वाचणार, आपली माणसं तेच नाव घेणार, आणि ते मत कुणाच्याच खात्यात जाणार नाही.

चिन-शान म्हणाला, "मी म्हणालो होतो, तुझ्यामुळं नाही..." तिला त्याचा राग यायला हवा होता. तो बिचारा चिखलाच्या बुटांत उभा होता.

तिनं ग्रुपमध्ये भराभरा लिहिलं, माझंच नाव घ्या, आधीचं विसरा. वाचणारे किती, तर मोजून चार. बाकीचे मोबाईल बंद होते. बंद ठेवा असं कुणी सांगितलं होतं? तिनंच. शिवाय तिची दुपारची माघार कुआन-लिनच्या पोरांनी एव्हाना गावभर पोचवली होती. आता वेंग घराण्यामागची चिडलेली माणसंही तिचं नाव घेणार नव्हती.

"तू वाडीला जा," ती चिन-शानला म्हणाली. "दार वाजवून सांग."

"पुलावर फटाक्यांची मिरवणूक आहे दिंगची. आत्ताच बघून आलो. टेम्पो अडकलेत."

"चालत जा!"

तो धावला. पन्नाशीचा, गुडघे दुखणारा माणूस बुटांसकट धावत गेला. तिनं स्कूटर काढली आणि गल्लीतली जवळची घरं गाठायला सुरुवात केली. पहिल्या घरात म्हातारा फोनवर हात ठेवून बसला होता. तिला बघून त्यानं ओठावर बोट ठेवलं. "गप्प! कोणत्याही क्षणी वाजेल!" ती सांगू लागली तर त्यानं डोळे मिटून मान हलवली. "सकाळी एक, दुपारी एक, आता एक. मी काय पोपट आहे? मी आता काहीच सांगत नाही." दुसऱ्या घरी पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. तिथली बाई दारातच म्हणाली, "झालं आमचं. आत्ताच आला होता फोन. तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं." आणि शाबासकीसाठी हसून बघत राहिली. सू-युन म्हणाली, "बरं केलंत."

असं घर घर करत किती जणांना गाठणार? वाडीत सगळ्या मिळून दीडशे घरं, आणि ती सगळी आमान मावशीच्या शब्दावर. मावशीला सांगितलं तर मावशी गल्लीत उभी राहून एक आरोळी ठोकेल आणि संपूर्ण वाडी ऐकेल. एक फोन पुरे. पण मोबाईलवरून मावशीच्या घरचा नंबर लावायला गेली तर बॅटरी संपलेली. समोर वेंग साहेबांचं घर होतं.

साहेब देवघरात एकटे बसले होते. टीव्ही बंद होता. मेजावर दुपारचा चहा तसाच होता, आणि ते देवीकडे नाही, जमिनीकडे बघत होते. "मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "सू-युन, तुझी शपथ, मला माहीत नव्हतं."

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत तिनं तो खोटं बोलताना हजारदा पाहिला होता. आत्ता तो खरं बोलत होता. हे सगळ्यात वाईट झालं. खोटं बोलत असते तर निदान भांडायला कुणीतरी मिळालं असतं. हा तर एक म्हातारा होता, ज्याचा मुलगा त्याच्याच देवापुढे खोटी शपथ घेऊन गेला होता. तिच्याकडे बघायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

"फोन द्या," ती म्हणाली.

"लाईन अडे..." सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला.

मावशीची लाईन अडायला नको म्हणून तिनं आधी वाडीतल्या शेजारणींचे नंबर लावले. पहिला बिझी. दुसरा बिझी. तिसरा उचलला गेला आणि तिनं तोंड उघडायच्या आत एक पुरुषी आवाज खेकसला, "हा नंबर आज वापरायचा नाही! ठेवा!" आणि ठेवला गेला. मग तिनं मावशीचा नंबर फिरवला. तो तिला पाठ होता. घंटी एकदाच वाजली. अर्धीच म्हणा.

"वेंग कुआन-लिन!" मावशीचा आवाज आला. खणखणीत, एकेक अक्षर सुटं. "फक्त वेंग कुआन-लिन! दुसरं कुणी नाही!"

सू-युन मध्ये बोलू गेली, पण मावशी थांबायला तयार नव्हती.

"ऐकलंस का मुली?" मावशी विचारत होती. "नीट लिहून घे हं. सारखं म्हणून म्हणून घसा बसलाय माझा, पण एक अक्षर चुकलं नाही. मला ते पोरगं बिलकूल आवडत नाही, तुला म्हणून सांगते. पण आमच्या सू-युननं सांगितलंय. आमची अख्खी वाडी तेच सांगणार आहे बघ. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आमच्याकडे."

"मावशी," सू-युन कशीबशी म्हणाली. "मावशी, मी आहे."

"सू-युन? अगं, तू काय करतेस या फोनवर?"

"मावशी, ऐका, माझं नाव..."

"ठेव! ठेव आधी! वेड लागलं का तुला? त्यांचा फोन यायचाय, लाईन अडवून बसलीस! काळजी करू नकोस, सगळ्यांचं पाठ करून घेतलंय मी. ठेव!"

आणि तिनंच ठेवून दिला. सू-युननं लगेच पुन्हा नंबर फिरवला. बोटं घसरत होती, एकदा चुकला, परत फिरवला. साहेब मान वर करून बघत होते.

"काय म्हणाली आमान?" त्यांनी विचारलं.

सू-युन रिसीव्हर कानाला लावून उभी होती. आतून तो तुटक तुटक सूर येत होता.

"बिझी आहे," ती म्हणाली. "लागलाय तिला तैपेईचा फोन."